अत्तर शिकायचंय? भट्टी लावू नका, आधी तीळ आणा

मी पहिल्यांदा अत्तर काढायला बसलो, तेव्हा घरभर कोबी शिजल्यासारखा वास सुटला होता. कोल्हापुरात अंबाबाईच्या महाद्वाराबाहेरून अर्धा किलो गुलाब आणलेले, कुकरच्या शिट्टीच्या जागी रबरी नळी खोचलेली आणि खाली गॅस मोठा. वीस मिनिटांत पाकळ्या बुडाला लागल्या. आई स्वयंपाकघरात डोकावली आणि म्हणाली, "एवढ्यात गुलकंद तरी झाला असता."

तिचं बरोबर होतं. गुलाब चुकीचे होते, भांडं चुकीचं होतं (पाकळी अडकून वाफेची वाट बंद झाली असती, तर कोबीच्या वासावर निभावलं नसतं) आणि हिशेब तर मी केलाच नव्हता. १ किलो गुलाबतेल निघायला साधारण ३ ते ५ टन फुलं लागतात, तीही दमास्क जातीची, पहाटे खुडलेली. म्हणजे अर्ध्या किलोतून फार तर चार-पाच थेंब. तेवढे थेंब भांड्याला आणि नळीलाच चिकटून राहतात, उरलेले पाण्यात विरतात. बाटलीत काही पडत नाही.

म्हणून कोल्हापुरात बसून हे शिकायचं असेल तर माझा सल्ला एकच. पहिलं वर्ष भट्टीच्या नादाला लागू नका. नाक तयार करा, तिळाला मोगरा द्या (म्हणजे फुलांचा वास तिळात मुरवा), जमलं तर थोडं गुलाबपाणी काढा. यातून फुलाचा वास कसा वागतो ते कळतं. तेच कळलं नसेल, तर देग, म्हणजे अत्तराच्या भट्टीवरचं तांब्याचं मोठं भांडं, आणूनही उपयोग नाही.

नाकापासून

अत्तरवाल्याकडून पाव-पाव तोळ्याच्या पाच-सहा कुप्या घ्या: मोगरा, गुलाब, केवडा, खस, हिना आणि चंदन. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, त्यामुळे पाव तोळा अभ्यासाला भरपूर झाला. महागाची मागू नका, पण "यात चंदनाचं तेल आहे की दुसरं काही?" एवढं विचाराच. पूर्वी फुलांचा वास चंदनतेलातच धरायचे. आता चंदनाचे भाव असे आहेत की बऱ्याच स्वस्त अत्तरांत लिक्विड पॅराफिन किंवा तसलाच बिनवासाचा द्रव असतो. दुकानदार खरं सांगतोच असं नाही, पण कसं सांगतो त्यावरून कळतं.

टिपकागदाच्या बोटभर पट्ट्या कापा. एका पट्टीवर एकच थेंब, मागे नाव आणि वेळ. लगेच हुंगा, मग अर्ध्या तासाने, चार तासांनी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. दर वेळी वहीत एक ओळ लिहा, स्वतःच्या शब्दांत. माझ्या वहीत केवड्यापुढे "लग्नाच्या मांडवातली सकाळ" आणि खशापुढे "माठाखालची वाळू" असं लिहिलंय. दुसऱ्याला त्यातून काही कळणार नाही, मला मात्र बरोबर आठवतं. एका बैठकीत चारपेक्षा जास्त वास घेऊ नका. नाक बधिर झालं की स्वतःच्या सदऱ्याची बाही हुंगायची, ते जागेवर येतं. आणि तांबडा-पांढरा ओरपून आल्यावर हा अभ्यास करू नका.

सकाळी पट्टीवर जो वास उरतो तो अत्तराचा पाया. फुलाचा वरचा, उडता वास तोवर गेलेला असतो. त्या उडत्या वासाला बसायला जड, चिवट काहीतरी लागतं. चंदनाचं काम तेच. तीळही तेच करतात, जरा गरिबीत.

मोगरा खुडला तरी जिवंत असतो

फुलाफुलात एक मोठा फरक आहे. गुलाबाचा वास खुडल्यापासून उतरत जातो. मोगरा, जाई आणि निशिगंध यांचं उलट. ही फुलं झाडावरून काढली तरी रात्रभर नवा वास तयार करत राहतात. म्हणून गुलाब सकाळीच भट्टीवर चढवायचा असतो आणि मोगऱ्याला मात्र रात्र द्यायची असते. उष्णतेनं मोगऱ्याचा नाजूक भाग मरतो. उत्तर प्रदेशात अत्तरांच्या कनौजला मोगऱ्याचं अत्तर भट्टीवरही काढतात, पण त्या हातांमागे पिढ्या आहेत.

फ्रान्समधल्या ग्रास गावात याच कारणासाठी काचेच्या तावदानांवर चरबीचा थर देऊन त्यावर जाईची आणि निशिगंधाची फुलं मांडत. आपल्याकडे चरबीच्या जागी तीळ. जौनपूर-गाझीपूरकडे असे तीळ वासवून काढलेल्या तेलाला फुलेल म्हणतात. ही रीत आपल्या भागालाही परकी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (राज्यकाळ ११२६ ते ११३८) याच्या मानसोल्लास या ग्रंथात राजाच्या स्नानाचं वर्णन करताना फुलांनी वासवलेल्या तिळांच्या तेलाचा उल्लेख येतो. कोल्हापूरचे शिलाहार तेव्हा याच चालुक्यांचे मांडलिक होते. अंबाबाईच्या गावात त्या काळी असं तेल कुणी डोक्याला लावत असेल का, असा विचार मी तीळ चाळताना करतो. तीळ चाळताना विचार करण्याखेरीज दुसरं काम नसतं.

तिळाला मोगरा देणे

हंगाम मार्चच्या मध्यापासून जूनच्या तोंडापर्यंत. त्यातही एप्रिल उत्तम, हवा कोरडी असते.

तीळ पांढरे, सोललेले, कच्चे घ्या. संक्रांतीचे भाजलेले उरलेत म्हणून ते वापरू नका. भाजक्या वासापुढे मोगरा टिकत नाही. १ किलो तीळ निवडून, एक दिवस उन्हात खडखडीत वाळवून, रात्रभर गार होऊ द्या.

फुलं दुपारी चार-पाचच्या सुमाराला आणा. उमललेली नकोत, कळ्या हव्यात. पूर्ण पांढऱ्या, टपोऱ्या, तोंड मिटलेल्या. देठाकडे हिरवट झाक असलेली कळी रात्री उमलतच नाही, नुसती कोमेजते. गजऱ्यात ओवलेल्या नकोत, सुट्या मागा. ज्यांच्याकडून मी घेतो त्या मावशींना सुरुवातीला हे पटायचं नाही. "गजरा नको, देवाला नको, मग करतोस काय त्याचं?" आता माझ्यापुरत्या सुट्या कळ्या त्या टोपलीत खाली, ओल्या फडक्यापासून लांब ठेवतात. हे फडकंच आपला वैरी आहे. विक्रेते फुलं टवटवीत दिसावीत म्हणून पाणी मारतात आणि ते पाणी तिळात शिरलं की बुरशी धरते. घरी आणल्यावर कळ्या सुती कापडावर पसरून अर्धा तास पंख्याखाली ठेवा. मुठीत धरून सोडल्यावर तळवा कोरडा राहिला पाहिजे.

दिवे लागले की मांडायला घ्यायचं. रुंद स्टीलची परात घ्या, प्लास्टिक अजिबात नको. तळाला बोटभर तीळ, त्यावर कळ्यांचा एकेरी थर, पुन्हा तीळ, पुन्हा कळ्या, शेवटी तीळ. किलोभर तिळाला एका रात्री ३०० ते ४०० ग्रॅम कळ्या पुरतात. वर पातळ सुती कापड. घट्ट झाकण ठेवलं तर आत घाम धरतो.

रात्री दहा-अकराला एकदा कापड उचलून बघा. वरच्या थरातून कळ्या उमलून तीळ बाजूला सारत वर आलेल्या दिसतात. काही पाकळ्यांच्या वाटीत दोन-दोन तीळ अडकलेले असतात. वास या वेळी इतका दाटतो की त्यात थोडा जनावराच्या गोठ्याचा अंश जाणवतो. घाबरू नका, तो इंडोल नावाच्या द्रव्याचा. एकटा घेतला तर नकोसा, पण तो काढून टाकला तर मोगरा साबणासारखा वाटतो.

सकाळी सातच्या आत चाळा. फुलं तपकिरी, मलूल झालेली असतात, ती कंपोस्टला. तीळ सावलीत दोन-तीन तास पसरा, ऊन लागू देऊ नका. संध्याकाळी नव्या कळ्या. असं आठ ते दहा रात्री. मध्ये खंड पडला तर तीळ डब्यात बंद करून ठेवा, पण कोरडे करूनच.

झालं कधी हे चाळून कळत नाही, चावून कळतं. तिसऱ्या दिवसापासून रोज चार तीळ चावा. आधी नाकाला मोगरा आणि जिभेला नुसता तीळ लागतो. ज्या दिवशी चावल्यावर घशाच्या मागून मोगरा येतो, त्या दिवसानंतर आणखी दोन रात्री द्या आणि थांबा.

दुसऱ्या वर्षी माझे तीन किलो तीळ वाया गेले. मे महिन्याचा शेवट होता. वळीव आला, वीज गेली, आणि मी पाहुण्यांच्या गडबडीत फुलं दोन दिवस तशीच ठेवली. चाळल्यावर दिसायला सगळं ठीक होतं. चार दिवसांनी डबा उघडला तर ओल्या गोणपाटाचा वास. असे तीळ वाचवता येत नाहीत, प्रयत्नही करू नका.

घाण्यावर

आता कोल्हापूर परिसरात लाकडी घाणे पुष्कळ झालेत, ही सोय आहे. पण एक किलोची पिशवी घेऊन गेलात तर घाणेवाले मामा हसतात. "एवढ्यात माझा घाणा ओला पण हुणार न्हाई!" खरंच आहे, काही किलो माल असल्याशिवाय घाणा चालवून उपयोग नसतो. मी तिघा मित्रांना धरलं. प्रत्येकाने आपापल्या घरी मोगराच दिला आणि सगळे तीळ एकत्र नेले. कुणी मध्येच जाई घातली तर हरकत नाही, बिघडत नाही. घरगुती विजेचं तेलयंत्र असेल तर किलोभरही चालतं, मात्र ते तापतं, म्हणून थांबत थांबत घ्या.

घाण्यावर जाताना दोन गोष्टी ठरवून घ्या. सकाळची पहिली पाळी आपली. आणि आपल्या तिळाआधी साधे तीळ थोडे घालून घाणा पुसून घ्यायचा, त्याचे पैसे वेगळे द्यायचे. नाहीतर आदल्या दिवशीचा शेंगदाणा तुमच्या मोगऱ्यात उतरतो. आमच्या पहिल्या तेलाला भडंगाचा वास होता. वाईट नव्हता, पण मोगऱ्याचा नव्हता.

किलोला साधारण ३५० ते ४०० ग्रॅम तेल हाती लागतं. ते चार-पाच दिवस न हलवता ठेवा, गाळ बसला की वरचं तेल गडद काचेच्या बाटलीत ओता, अंधारात ठेवा. पेंड टाकू नका. दिवाळीत उटण्यात घाला, नाहीतर शेजारी वाटा.

हे तेल म्हणजे अत्तर नव्हे, हे आधीच सांगतो. मनगटावर ते तास-दीड तास टिकतं, केसांत रात्रभर. पण वासाने खरं आहे.

तीळ आणि घाणा जमणार नसेल तर थंडीत निशिगंध करून पाहा. बिनवासाचं शुद्ध केलेलं खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री तेवढा गारवा असतोच. ताटात त्याचा बोटाच्या पेरापेक्षा पातळ थर द्या, वर देठ काढलेली फुलं पालथी मांडा, रोज बदला. पंधरा दिवसांत मलम तयार. पुढे या मलमातून स्पिरिटने वास वेगळा काढतात, पण शुद्ध स्पिरिटला उत्पादन शुल्क विभागाची परवानगी लागते. सॅनिटायझर किंवा रंगवाल्याचं स्पिरिट वापरून तो प्रयोग करू नका.

गुलाबपाणी, जमलं तर

शिरोळ तालुक्यातल्या हरितगृहांतले लांब दांड्याचे गुलाब बघायला देखणे, नाकाला मुके. ते दिसण्यासाठी आणि टिकण्यासाठी वाढवलेले असतात. आपल्याला गावठी गुलाबी गुलाब हवा, ज्याचा गुलकंद करतात तो. शक्यतो ओळखीच्या परसातला, फवारणी नसलेला, सकाळी नऊच्या आत खुडलेला.

मोठ्या पातेल्यात मधोमध तिवई, तिच्यावर स्टीलचं वाडगं. तिवईभोवती २५० ग्रॅम पाकळ्या आणि त्या जेमतेम बुडतील एवढं पाणी. पातेल्यावर झाकण उलटं ठेवा, म्हणजे मूठ आत, बरोबर वाडग्यावर येते. कडेला कणकेची वळी लावून फट बुजवा. झाकणावर बर्फ. गॅस बारीक. वाफ वर जाते, थंड झाकणाला लागून पाणी होते आणि मुठीवरून वाडग्यात ठिबकते. पाकळ्या जेवढ्या वजनाच्या तेवढंच पाणी जमवायचं, अडीचशे ग्रॅमला २५० मिली. त्यापुढे लोभ केला की कोबी येतो. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतलं पाणी सगळ्यात चांगलं.

ताजं गुलाबपाणी हुंगलं तर जरा धुरकट, हिरवं लागतं. उकळून कोरड्या केलेल्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस ठेवा, मग बसतं. महिन्याच्या आत संपवा, आणि बाजारच्या फुलांचं असेल तर पोटात घेऊ नका.

या पाण्यावर तवंग दिसतो का ते शोधत बसू नका, एवढ्याशा फुलांत तो दिसत नाही. पण गुलाबाच्या अत्तराची आपल्याकडची प्रसिद्ध कथा त्या तवंगाचीच आहे. जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की नूरजहाँची आई अस्मत बेगम गुलाबपाणी काढत असताना गरम पाण्याच्या भांड्यांवर साय धरलेली तिला दिसली. तिने ती थोडी थोडी जमवली. सलीमा सुलतान बेगमने त्याला नाव दिलं इत्र-ए-जहांगिरी. बादशाही जनानखान्याकडे गुलाबाला तोटा नव्हता, म्हणून साय दिसली. तुमच्या-माझ्या पातेल्यात तो वास पाण्यातच विरलेला राहतो. गुलाबाच्या वासातला एक मोठा भाग, फिनाइल इथाइल अल्कोहोल, पाण्यात सहज विरतो. म्हणून गुलाबपाणी कधीकधी गुलाबतेलापेक्षा जास्त फुलासारखं लागतं.

आणि मग देग

एवढं सगळं दोन हंगाम केलंत आणि तरी हौस फिटली नाही, तर कनौजला जाऊन या. गंगेकाठच्या त्या गावात अत्तराच्या भट्ट्या अजून जुन्याच रीतीने चालतात. १९९१ पासून तिथे सुगंध आणि स्वाद विकासाचं सरकारी केंद्रही आहे, एफएफडीसी म्हणतात त्याला, आणि ते अभ्यासक्रम चालवतं.

कोल्हापूरच्या माणसाला ती भट्टी परकी वाटत नाही. गुऱ्हाळ पाहिलेलं असतं ना. चुलवाणावर काहील तशी विटांच्या भट्टीवर तांब्याची देग. तीत फुलं आणि पाणी. तोंडावर सरपोश म्हणजे झाकण, फट मातीने लिंपलेली. सरपोशातून निघालेला चोंगा, म्हणजे बांबूची नळी, त्यावर दोरी गुंडाळलेली. त्याचं दुसरं टोक भपक्यात, म्हणजे वाफ जमवायच्या लांब मानेच्या तांब्याच्या भांड्यात, आणि भपका पाण्याच्या टाकीत बसवलेला. त्या टाकीला तिकडे गच्ची म्हणतात, आपण उगाच वर बघतो. भपक्यात आधीच चंदनतेल असतं. वाफ त्यात येऊन थंड होते, फुलाचा वास तेल धरून ठेवतं.

गुळव्या जसा काहिलीतल्या रसाच्या बुडबुड्यांवरून जाळ कमी-जास्त करायला सांगतो, तसा तिथला कारागीर. तो चोंग्याला हात लावून आणि देगेतला आवाज ऐकून जाळ ठरवतो, भपका किती भरला तेही असंच ओळखतो. भपका बदलताना देगेवर ओली फडकी टाकून वाफ थांबवतात. संध्याकाळी भपका उतरवून रात्रभर निवू देतात. सकाळी तळचं पाणी काढून ते दुसऱ्या दिवशीच्या फुलांवर देगेत ओततात, तेल तसंच राहतं. रोज नवी फुलं, तेच तेल. दहा-पंधरा दिवस हे चालतं, तेव्हा एक अत्तर होतं. आमच्या तिळांसारखंच, फक्त जाळावर.

विकायचा विचार मनात आला तर आधी अन्न व औषध प्रशासनाकडे चौकशी करा. अंगाला लावायची वस्तू बनवून विकायला परवाना लागतो. घरच्यांना देतानाही कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून एक दिवस थांबायला सांगा. मोगऱ्याने पुरळ येणारी माणसं असतात, आमच्या आत्या त्यातल्याच.

मोगरा जमला की पुढचा प्रयोग आपल्या दारातलाच आहे, दवणा. चैत्र पौर्णिमेला जोतिबाला गुलाल-खोबऱ्यासोबत वाहतात तो. दवण्याचं तेल जगभर अत्तरात वापरतात, आणि एकाच बाटलीतलं असलं तरी दोन माणसांच्या कातडीवर ते वेगवेगळं लागतं असं म्हणतात. माझ्या मनगटावर ते पिकलेल्या फळासारखं, बायकोच्या मनगटावर औषधासारखं. पुढच्या यात्रेला डोंगरावर गेलात तर फुलोरा धरलेल्या दोन जुड्या जास्त घ्या, दोन दिवस सावलीत उलट्या टांगा आणि फुलोराच तेवढा तिळाला द्या. जुड्या मात्र गर्दीत शिरण्याआधी पिशवीत टाका. गुलाल एकदा तिळात गेला की चाळणीने निघत नाही.